इन्व्हर्टर मशीनची करंट वही: कोणत्या कामाला किती अँपिअर

५ मे

वेल्डिंगचं नवं २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन आलं. जुना तेलाचा ट्रान्सफॉर्मर कोपऱ्यात तसाच ठेवलाय, विकायचा नाही, तो रॉडीला एसी करंट देतो, नवं मशीन डीसी देतं, आणि काही कामाला एसीच लागतो. जुन्यावर करंट कमी-जास्त म्हणजे प्लग या भोकातून काढून त्या भोकात घालायचा, मधलं काही नाही. नव्यावर बटण फिरवलं की एकेक अँपिअरनं करंट बदलतो. एवढी सोय असूनबी आपल्याकडं बरेच जण बटण एकदा १२० वर लावतात अन् खिडकीच्या ग्रीलपासून ट्रॉलीच्या चासीपर्यंत सगळं त्याच्यावरच ओढतात. मग ग्रीलला भोकं पडतात अन् चासीचा जोड पुढच्या हंगामात उकलतो. मला हे पटत नाही, म्हणून ही वही सुरू केलीय. जे काम येईल त्याचा धातू, जाडी, रॉड (वितळून जोड भरणारी कांडी), करंट, टोक कोणतं लावलं (प्लस का मायनस) आणि वेल्ड कसं आलं हे लिहायचं. पेरणीच्या घाईपासून ऊसाच्या हंगामापर्यंत सगळ्या प्रकारची कामं दुकानात येऊन जातात, तोवर तक्ता तयार होईल, मग तो भिंतीवर ऑइलपेंटनं काढायचा. पोरांनी मला विचारत बसायचं काम नाही.

६ मे

आज सगळा दिवस वायरिंग. याआधी मीटरपासून मशीनपर्यंत दीड स्क्वेअर एमएमची वायर होती, साधारण ३० मीटर. हिशोब करून पाहिला. ११० अँपिअरवर रॉड चालू असली की आर्कचं (रॉडीच्या टोकाला पेटलेल्या विजेच्या झोताचं) व्होल्टेज २४ च्या आसपास असतंय, मशीनची खपत वगैरे धरून लाईनमधनं वीसेक अँपिअर ओढले जातात. दीड स्क्वेअरच्या वायरीत येण्याजाण्याचे ६० मीटर धरले तर तिथंच १४-१५ व्होल्ट खलास. चार स्क्वेअर घातली की तेच ५-६ व्होल्टवर येतंय. आधीच दुपारी आपल्याकडं २३० च्या जागी १८५-१९० दिसतंय, त्यात हे १५ व्होल्ट आपणच जाळायचे म्हणजे कसं. चार स्क्वेअर तांबं घातलं, ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला, बॉडीचं अर्थिंग वेगळं केलं.

अर्थचा क्लॅम्प पण बदलला. जुना चिमटा स्प्रिंग ढिला झालेला, गंजलेल्या लोखंडावर नुसता टेकवला की तिथंच ठिणग्या. आर्क मधेच तुटत असेल तर बटणाला हात लावायच्या आधी क्लॅम्प लावायची जागा ग्राइंडरनं पांढरी करून बघायची, निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

९ मे

भंगारातली ६ एमएमची पट्टी घेऊन नुसत्या बीड (वितळलेल्या रॉडीच्या रेघा) ओढल्या. आपल्याकडं सगळे नंबरनं बोलतात म्हणून तसंच लिहितो: १२ नंबर म्हणजे २.५ एमएम, १० नंबर म्हणजे ३.१५, ८ नंबर म्हणजे ४. सगळ्या ६०१३ जातीच्या, म्हणजे साध्या कामाच्या रॉडी, पाकिटावर आयएस ८१४ हे मानक लिहिलेल्या.

१० नंबर रॉड. ८० वर सुरू केलं. पेटवताना दोनदा चिकटली, चालू झाली तर बीड पट्टीवर दोरी ठेवल्यासारखी उंच, कडेला नख घातलं तर खाली शिरतंय, म्हणजे धातू खालच्या पट्टीत गेलाच नाही, वर बसलाय नुसता. १०० वर जरा बसली. ११५ वर आवाज बदलला, सलग चरचर, मधे खंड नाही, स्लॅग (वेल्डवर जमणारी खपली) मागं अर्धगोल राहतोय अन् पुढचा वितळलेला भाग स्वच्छ दिसतोय. थंड झाल्यावर स्लॅगला हातोडीचं टोक लावलं तर पापुद्रा आपोआप उचलून आला, खाली बारीक सारख्या लाटा. एका रॉडीत बरोबर वीतभर बीड आली. मग १४५ वर नेलं मुद्दाम. ठिणग्या सगळीकडं, बीड चपटी, लाटा टोकदार, दोन्ही कडेला खाच पडली, आणि शेवटची तीन बोटं राहिली तोवर रॉडच लाल झाली, वरचं कोटिंग जळून गळायला लागलं. असं वेल्ड वरून रुंद दिसतंय म्हणून गिऱ्हाईक खुश होतंय, पण ती कडेची खाच हाच जोड तुटायचा रस्ता आहे.

चारही तुकडे करंट खडूनं लिहून भिंतीला खिळ्यावर टांगलेत. पोराला म्हणलं आकडा पाठ करू नको, आधी हे तुकडे डोळ्यात बसव.

हाती आलेलं (सपाट पडलेलं काम, ६०१३): १२ नंबर ७० ते ८५, १० नंबर १०५ ते १२०, ८ नंबर १४५ ते १७०. एमएमला ३० ते ४० अँपिअर धरलं की कुठून सुरू करायचं ते कळतं, मग आवाजावरून इकडं तिकडं करायचं.

१४ मे

गेट. एक इंची चौकोनी पाईप, १६ गेज, म्हणजे १.६ एमएमची भिंत. यात ७५ चालत नाही, कोपऱ्यात भोक पडतंय. १२ नंबर रॉड, ६० ते ६५, होल्डर (रॉड धरायचा चिमटा) मायनसवर. ६०१३ दोन्ही टोकांवर चालते, पण होल्डर मायनसवर घेतला की पातळ कामात धातूत कमी शिरते आणि पाईप टिकतो. पोरगा म्हणला, "दादा, टोक बदलून काय फरक पडतोय, करंट तर तेवढाच आहे." त्याला दोन तुकडे करून दाखवले, एक प्लसवर एक मायनसवर, करंट ६२ च. प्लसवाल्याच्या मागच्या बाजूला पाईप आतून काळानिळा होऊन फुगला होता, मायनसवाल्याला नुसता निळा पट्टा. बघितल्यावर त्यानं होल्डर स्वतःहून बदलला.

फटीचं महत्त्व करंटपेक्षा जास्त आहे इथं. कटर मशीनवर ४५ चा कोन नीट कापला अन् फट राहिली नाही तर ६५ वर आरामात होतंय, फट राहिली की कितीबी कमी करा, भोक पडणारच. उभ्या जोडाला वरून खाली ओढायचं, पातळ पाईपाला तेच बरोबर. जाड कामाला असं करायचं नाही, त्याचं पुढं येईल.

२२ मे

उन्हाळा कडक. आज शेडमधे ४३. मशीनच्या पाटीवर २०० अँपिअर ६० टक्के लिहिलंय. म्हणजे दहा मिनिटात सहा मिनिटं चालवायचं, चार मिनिटं पंखा चालू ठेवून थांबायचं, आणि हा आकडा ४० डिग्रीला धरलेला असतो. आपला मे महिना त्याच्या वर. कमी करंटला मशीन जास्त वेळ चालतंय, हिशोबानं १५५ च्या आसपास सलग चालायला पाहिजे, पण या उन्हात मी १४० च्या वर सलग चालवत नाही. मशीन पत्र्यापासून लांब, सावलीत, मागच्या बाजूला हातभर मोकळी जागा. ग्राइंडरचा बुक्का पंख्यातून आत ओढला जातो म्हणून ग्राइंडरची जागा दुसऱ्या टोकाला नेली. लोखंडाचा बुक्का आत कार्डावर बसला की मशीन गेलंच समजा. आठवड्याला ब्लोअर मारायचा, हे भिंतीवर तक्त्याच्या वरच लिहायचं.

२९ मे

पेरणीच्या आधीची गर्दी सुरू. रोटाव्हेटर, पेरणी यंत्राचे फण, वखराच्या पासा, सगळं एकदम येतंय आणि प्रत्येकाला उद्याच पाहिजे.

रोटाव्हेटरच्या रोटरवरचे ब्लेड बसायचे कान तुटले होते. एक मामा म्हणले ब्लेडच डायरेक्ट रॉडनं चिटकवून टाक, नटबोल्टची भानगड नको. नाही केलं. ब्लेड बोरॉन स्टीलसारख्या कडक केलेल्या पोलादाचं असतंय, वेल्डच्या शेजारी ते काचेवानी ठिसूळ होतं, अन् फिरत्या रोटरवरून तुटलेलं ब्लेड कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही. मामांना बसवून नीट समजावलं, पटलं त्यांना. कान नवीन कापून पाईपवर लावले, ७०१८ रॉड (मजबूत जोडाची, कमी हायड्रोजनची), १० नंबर, होल्डर प्लसवर, १२०. ही रॉड लांब आर्कवर चालत नाही, जवळजवळ टेकवूनच ओढायची, आर्कची लांबी रॉडीच्या जाडीपेक्षा कमी. मशीनवर आर्क फोर्सचं बटण आहे ते इथं उपयोगी पडलं, रॉड फार जवळ गेली की मशीन करंट थोडा चढवतं आणि रॉड चिकटत नाही. ६०१३ ला मी ते शून्याजवळ ठेवतो, उगीच ठिणग्या उडतात.

अर्थचा क्लॅम्प रोटरच्या पाईपवरच, वेल्डच्या वीतभर अंतरावर. मागच्या फ्रेमला लावला तर करंट बेरिंगमधून जातोय, बेरिंगच्या गोट्यांवर खड्डे पडतात अन् पंधरा दिवसात बेरिंग वाजायला लागतं, शेतकरी म्हणतो बेरिंग खराब निघालं. ट्रॅक्टरला जोडलेलं अवजार असलं तर आधी बॅटरीची दोन्ही टोकं काढायची.

४ जून

नांगराचे फाळ. आपल्या गावाच्या खालच्या अंगाला काळी जमीन, वर बालाघाटाच्या बाजूला मुरमाड अन् दगड. एकाच कंपनीचा फाळ काळ्या रानात दोन हंगाम जातोय अन् वरच्या रानात एका हंगामात टोक गायब. म्हणून काम करायच्या आधी विचारतो, "अण्णा, रान कुठलं?"

मुरमाडवाल्याचं असं केलं: झिजलेलं टोक आधी ७०१८ नं भरून आकार आणला, १० नंबर, ११५. फाळाचं पोलाद जास्त कार्बनचं, म्हणून आधी भट्टीत दीड-दोनशे डिग्रीपर्यंत गरम करून घेतलं, थंड फाळावर वेल्ड मारलं की कडेनं चीर जाते. त्याच्यावर हार्डफेसिंगची (कडक थर चढवायची) रॉड, पाकिटावर जी रेंज आहे तिच्या खालच्या टोकाला करंट. इथं करंट वाढवायचा मोह होतो कारण रॉड जरा अडखळते, पण करंट जेवढा जास्त तेवढं खालचं मऊ लोखंड वितळून वर मिसळतं, आणि जो कडकपणा विकत घेतला तोच पातळ होतो. दोन थर, जास्त नाही. थंड होताना आडव्या बारीक केसासारख्या भेगा पडल्या, क्रोमियम कार्बाइडच्या रॉडीत त्या पडतातच, त्या वरच्या थरातच राहतात. पोरगा घाबरला होता.

थर फक्त खालच्या बाजूला लावला. वरची मऊ बाजू आधी झिजते, खालची कडक कड पुढं राहते, फाळ चालता चालता स्वतःला धार लावतो.

७ जून

मृग लागला. पाऊस नाही अजून.

१९ जून

पाऊस झाला, रॉड दमट. ६०१३ पेटवताना फटफट आवाज, बीडमधे बारीक छिद्रं. गिऱ्हाईक म्हणतंय मशीन बिघडलं, मशीनला काही झालेलं नाही. उघड्या पाकिटातल्या ६०१३ शंभर-एकशेदहा डिग्रीला तासभर वाळवल्या, आवाज परत सरळ झाला. ७०१८ चं वेगळं आहे, तिला ३०० ते ३५० डिग्रीला तास-दोन तास पाहिजे, नुसतं उन्हात किंवा बल्बच्या डब्यात ठेवून तिचं काम होत नाही. तिचा सगळा फायदाच हायड्रोजन कमी असण्यात आहे, ओली रॉड वापरली तर जाड कामात वेल्ड झाल्यावर कधीतरी दुसऱ्या दिवशी आतून चीर जाते आणि वरून काहीच दिसत नाही. छोटा ओव्हन घेतला त्यासाठी. महाग पडला, पण ट्रॉलीचा अॅक्सल रस्त्यात सुटला तर त्याच्या पुढं ही किंमत काहीच नाही. भाजून काढलेल्या रॉडी गरम डब्यात ठेवायच्या, लागतील तेवढ्याच बाहेर.

ओल्या जमिनीवर उभं राहून काम करायचं नाही. होल्डरला रॉड लावलेली असली अन् आर्क नसला तरी तिथं ६०-७० व्होल्ट असतात. कोरडे हातमोजे, पायाखाली लाकडी फळी. पोरं घामेजल्या हातानं रॉड बदलतात, ते बंद करायला लावलं.

२ जुलै

बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, काम आलं, पाण्याच्या मोटारीच्या पंपाची केसिंग, पायाजवळ चीर. मालक काळजीत, विहिरीला पाणी आहे अन् पंप बंद. चिरेच्या दोन्ही टोकांना ड्रिलनं बारीक भोक पाडलं म्हणजे चीर पुढं पळत नाही. ग्राइंडरनं व्ही केला. निकेलची रॉड १२ नंबर, ६५ अँपिअर, होल्डर प्लसवर. इंचभर मारायचं, लगेच छोट्या हातोडीनं गरम असतानाच हलकं ठोकायचं, मग थांबायचं. हात लावून बघायचा, हात टिकला तरच पुढचा इंच, आणि तोही शेजारी नाही, चिरेच्या दुसऱ्या टोकाला. सगळी गडबड इथंच होते, माणसाला सलग ओढायची सवय असते. बीड एका जागी तापून ताणलं गेलं की वेल्डच्या शेजारून टिंग असा आवाज येतो, तो आवाज आला की समजायचं नवी चीर गेली. आज नाही आला. काम झाल्यावर चुन्याच्या भुकटीत पुरून ठेवलं रात्रभर. सकाळी पाणी भरून बघितलं, पाझर नाही.

१७ ऑगस्ट

शेळ्यांच्या शेडचं काम, जीआय (जस्त चढवलेला) पाईप. जस्ताचा धूर पांढरा निघतो. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, एक-दोन दिवसात उतरतो, पण म्हणून चालवून घ्यायची गोष्ट नाही. गूळ खाल्ला दूध प्यालं की झालं असं आमच्या धंद्यात सगळे म्हणतात, त्यानं तो धूर काही बाहेर येत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूला इंचभर जस्त ग्राइंडरनं काढलं, काम उघड्यावर घेतलं, वाऱ्याकडं पाठ न करता बाजूनं उभं राहायचं, तोंडाला धुराचा मास्क. जस्त काढल्यावर साध्या पाईपासारखंच चालतं, ६५. झाल्यावर झिंकचा रंग मारला.

९ सप्टेंबर

गोडाऊनचा सांगाडा, अँगलचे ट्रस. खाली जमिनीवर जुळवताना ५ एमएम अँगलला १० नंबर, ११५. तेच वर चढून खांबाच्या उभ्या जोडाला ११५ ठेवलं तर वितळलेलं लोखंड खाली ओघळतं. ९५ ते १०० केलं, खालून वर, दोन्ही कडेला क्षणभर थांबत थांबत. उभ्या कामाला वरून खाली ओढलं तर पटपट होतं, दिसतंबी गुळगुळीत, पण स्लॅग पुढं पळतो, त्याच्यावरून लोखंड जातं अन् आत धातू धरतच नाही. एक जोड तसा करून व्हाइसमधे धरून हातोडा मारला, एका घावात उघडला, आतला कोपरा जसाच्या तसा, कापल्याची खूणसुद्धा दिसत होती. खालून वर केलेला वाकला, पण सुटला नाही. दोन्ही तुकडे भिंतीवर.

डोक्यावरच्या कामाला ९० ते १००, आर्क एकदम आखूड.

साइटवर ५० मीटरची एक्स्टेंशन होती कुणाचीतरी, पातळ, गुंडाळी न सोडता वापरायची सवय. गुंडाळी तापून पिवळी पडली होती. सगळी सोडून पसरून टाकली, तरी १०० च्या वर आर्क मरतोय. मीटर लावला, मशीनजवळ चालू कामात १६८ व्होल्ट. अशा वेळेला बटण १३० वर नेऊन उपयोग नाही, डिस्प्लेवर १३० दिसेल, रॉडीला मिळणार नाही. आपली चार स्क्वेअरची वायर आणली मग काम झालं.

११ ऑक्टोबर

ऊसाच्या ट्रॉल्या यायला लागल्या, कारखाने पेटायच्या आधी सगळ्यांना दुरुस्ती पाहिजे. चासीचा सी चॅनल, अॅक्सलचे ब्रॅकेट, ड्रॉबार. ड्रॉबारला १२ एमएमची पट्टी. कडा व्ही करून पहिला पास (वेल्डचा थर) १० नंबर ७०१८, ११०, मुळापर्यंत जाईल असा. स्लॅग पूर्ण काढून वायर ब्रश, मग ८ नंबर ७०१८, १६०, दोन पास. ८ नंबरला हॉट स्टार्ट (पेटवताना क्षणभर मिळणारा जादा करंट) वाढवून ठेवला, थंड जाड लोखंडावर सुरुवातीलाच रॉड पेटते आणि सुरुवातीच्या टोकाला छिद्रं राहत नाहीत. पातळ पाईपाला हॉट स्टार्ट शून्य, नाहीतर पेटवतानाच भोक.

चॅनलच्या आतल्या कोपऱ्यात आर्क एका बाजूला पळायला लागला, फुंकर मारल्यावानी. डीसीवर कोपऱ्यात चुंबकत्व जमतं त्याचा हा परिणाम. क्लॅम्प जोडाच्या दुसऱ्या टोकाला नेला, करंट दहानं कमी केला, थोडा फरक. शेवटी तेवढ्या कोपऱ्यापुरता जुना ट्रान्सफॉर्मर काढला, एसीवर ६०१३ नं भरला, सरळ चाललं. म्हणून जुनं मशीन विकायचं नव्हतं.

एक जण डिझेलची टाकी घेऊन आला, पाझरतीय, एक टाका मार म्हणून. नाही. रिकाम्या टाकीतली वाफच पेटते. टाकी बदलायला सांगितलं.

२६ ऑक्टोबर

तक्ता भिंतीवर काढला, पांढऱ्या पट्टीवर निळ्या ऑइलपेंटनं. रकाने: काम, जाडी, रॉड नंबर, कोणती रॉड, टोक, अँपिअर, हॉट स्टार्ट. प्रत्येक ठिकाणी एक आकडा लिहिला नाही, खालचा-वरचा लिहिला, आणि उभ्या कामाला दहा-पंधरा टक्के कमी असं शेवटी मोठ्या अक्षरात. खाली एक ओळ मोकळी सोडलीय, दुपारचं व्होल्टेज पोरांनी रोज खडूनं लिहायचं. आज २०४ होतं.

पोरानं आज तक्ता बघून एकट्यानं पेरणी यंत्राची पेटी लावली, १२ नंबर, ६० वर. मी मधे बोललो नाही. त्यानं आधी भंगाराच्या तुकड्यावर बीड ओढली, ऐकली, ५८ केलं, मग कामाला लागला.

१८ गेज पत्र्याचा रकाना रिकामा आहे. १.२ एमएमला १२ नंबर जाडच पडते, १४ नंबरच्या, म्हणजे २ एमएमच्या रॉडी अंबाजोगाईहून मागवल्यात, त्या आल्या की ४० ते ५५ च्या मधे तपासून लिहायचं.